एअर रायफल वाईसमध्ये धरून खोलताना: सिलेंडर चेपू नये आणि स्प्रिंग अंगावर येऊ नये म्हणून

पाऊस सरला की बेळगाव-खानापूर भागात गंज चढलेल्या एअर रायफली बाहेर निघतात. पुढं सौंदत्तीची यल्लमाची जत्रा, चिंचलीची मायाक्काची जत्रा येते, फुगे फोडायचे गाडे लावणारे लोक आपल्या बंदुका खोलायला घेतात, घरी टार्गेटवर सराव करणारी पोरंही घेतात, आणि दरवेळी चुका त्याच होतात. रायफल सरळ वाईसच्या, म्हणजे बाकाला बसवलेल्या लोखंडी पकडीच्या, दातेरी जबड्यात घालायची, सटकली की आणखी आवळायची, मग स्प्रिंग अडवून धरणारी मागची पिन ठोकून काढायची. पहिल्या चुकीत सिलेंडर (स्प्रिंग आणि पिस्टन जिच्यात असतात ती नळी) चेपतं आणि पिस्टन घासायला लागतो, तो पुन्हा नीट होत नाही. दुसऱ्या चुकीत स्प्रिंग आणि मागचा ब्लॉक भिंतीवर जातो, मध्ये कोणी असला तर त्याच्या अंगावर. म्हणून इथं वाईसमध्ये धरायचं कसं एवढंच सांगतोय, पण पूर्ण सांगतोय.

हे सगळं बॅरल मोडून, म्हणजे मुळाशी बिजागरीसारखं खाली वाकवून, भरायच्या स्प्रिंगवाल्या रायफलीसाठी आहे, आपल्याकडं बहुतेक त्याच असतात. एअरसॉफ्टच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या गोळ्या (बीबी) मारणाऱ्या खेळातल्या, रायफलीचं वेगळं काय ते खाली दिलंय. गॅस किंवा हवेच्या टाकीवाली पीसीपी असेल तर हा लेख तिच्यासाठी नाही, तिच्यात दाबाची हवा असते आणि तिचा क्रमच वेगळा आहे.

## १. आधी रायफल रिकामी आणि स्प्रिंग सुटलेली आहे का बघा

वाईसकडं जायच्या आधी हे. चाप ओढून "टक" झालं नाही म्हणजे रायफल कॉक (स्प्रिंग ओढून अडकवलेली) नाही असं समजू नका, सेफ्टी लागलेली असली किंवा चाप बिघडलेला असला तरी आवाज येत नाही.

बॅरल एका हातानं घट्ट धरून हळू मोडा. जोर लागत असेल, म्हणजे स्प्रिंग विरोध करतीय असं हाताला कळत असेल, तर रायफल कॉक नाही, तिथंच थांबून बॅरल परत बंद करा. बॅरल काही विरोध न करता सैलपणे खाली आलं तर रायफल कॉक आहे, आणि आता ते बॅरल हातातनं अजिबात सोडायचं नाही. आतली अडकण घसरली तर उघडं बॅरल एका झटक्यात वर येतं, बोटं मध्ये असली तर मोडतात. ब्रीचमध्ये, म्हणजे बॅरलच्या मागच्या तोंडात, छर्रा आहे का बघा, नसेल तर एक घाला, बॅरल बंद करा आणि वाळूच्या पोत्यात बार काढा. रिकामा बार काढू नका. छर्रा नसला की पुढं हवेची गादी राहत नाही आणि पिस्टन सिलेंडरच्या टोकावर जाऊन आदळतो.

मग परत एकदा मोडून बघा, आता विरोध लागला पाहिजे.

तपासा: बॅरलमध्ये छर्रा नाही, स्प्रिंग सुटलेली आहे, टेबलावर आणि खिशात छऱ्याची डबी नाही. डोळ्याला चष्मा, साधा नंबरचा नव्हे, ग्राइंडिंगला घालतात तो.

स्कोप असेल तर तो आत्ताच काढून ठेवा, आणि खोलायच्या आधी चारी बाजूनं मोबाईलवर फोटो काढा. कुठला स्क्रू कुठला हे संध्याकाळी आठवत नाही.

## २. स्टॉक काढायला वाईस लागत नाही

हे मुद्दाम वेगळं लिहितोय कारण कितीतरी लोक लाकडी स्टॉकसकट रायफल वाईसमध्ये आवळतात आणि पुढचा पातळ भाग तडकवतात. स्टॉकचा पुढचा भाग आतनं कोरलेला असतो, कॉकिंग लिव्हर (बॅरल मोडताना स्प्रिंग मागं ढकलणारी दांडी) जायला तिथं जागा असते, दोन्ही बाजूला लाकूड फारतर बोटभर जाडीचं. त्याला वाईस सोसत नाही.

टेबलावर जुनं घोंगडं किंवा पोतं दुमडून टाका, त्यावर रायफल उलटी ठेवा. पुढं दोन्ही बाजूला एकेक स्क्रू असतो आणि चापाच्या गार्डपाशी एक किंवा दोन. स्क्रू ड्रायव्हरचं पातं खाचेत पूर्ण भरलं पाहिजे, बारीक पातं घातलं की खाच झिजते आणि मग तो स्क्रू ड्रिलनंच काढायला लागतो. गंजून बसला असेल तर गंज सोडवायचं तेल एक-दोन थेंब घालून तासभर सोडा, पण तेल स्क्रूवरच, सिलेंडरच्या खाचेत जाऊ देऊ नका. आत तेल राहिलं तर पुढं बार काढताना ते दाबानं पेट घेतं, धूर येतो आणि पिस्टनच्या तोंडावरचं हवा अडवणारं सील खराब होतं.

सगळे स्क्रू आधी अर्धा-अर्धा फेरा सैल करा, मग एकेक पूर्ण काढा. स्टॉक वर उचलला की हातात नुसतं लोखंड राहतं: बॅरल, सिलेंडर, चापाचा ब्लॉक. वाईसचं काम आता सुरू होतं.

## ३. वाईस आणि बाक

चार इंची बेंच वाईस पुरते, पाच इंची असली तर चांगलंच. उद्यमबागेत, मच्छ्यात जुन्या कारखान्यातनं निघालेल्या जड वाईस मिळतात, त्या घरगुती हलक्या वाईसपेक्षा कधीही बऱ्या, फक्त सरकता जबडा वर-खाली हलत नाही ना ते बघून घ्या. जबडा हलत असेल तर आवळताना तो तिरका होतो आणि सगळा जोर वरच्या काठावर येतो.

वाईस बाकाला आरपार बोल्ट, वॉशर, नट घालून बसवायची. नुसत्या लाकडात मारायच्या स्क्रूनं बसवलेली वाईस स्प्रिंगच्या कामाला वापरू नका. उंची अशी की तुम्ही शेजारी उभं राहून कोपर दुमडलं की जबड्याचा वरचा काठ कोपराला लागला पाहिजे, फिटरच्या शिकवणीत हे पहिल्या दिवशी सांगतात. खाली असली तर तुम्ही वाकून काम करता आणि तोंड नेमकं स्प्रिंगच्या रेषेत येतं.

रायफल लांब असते, तिचं एक टोक जबड्यात आणि दुसरं हवेत लोंबत ठेवलं तर वजनानंच ती फिरते आणि माणूस म्हणतो पकड कमी पडतीय. दुसऱ्या टोकाखाली लाकडी ठोकळा किंवा वाळूची छोटी पिशवी टेकू म्हणून ठेवा. निम्मी सटकासटकी एवढ्यानंच थांबते.

## ४. जबड्यांचं पॅकिंग (इथं घाई करू नका)

एक गाडेवाला दरवर्षी बंदुका घेऊन येतो. गेल्या खेपेला स्वतःच खोलायला बसला होता आणि वैतागून म्हणाला, "अण्णा, लई आवळलं तरी फिरतीयाच बघा ही."

म्हटलं, "आता आणखी आवळू नको रे बाबा, आतनं पोकळ हाय ती. पॅकिंग काय घातलंयस?"

"सायकलची ट्यूब."

इथंच चुकतं. ट्यूबचं रबर मऊ असतं, ते दाबलं जातं आणि सरकतं, त्यात तेलकट लोखंड असलं की गोल सिलेंडर त्यावर लोळतं. मग माणूस आवळत जातो. पकड ही जोरानं येत नाही, जबडा आणि रायफल यांचा एकमेकाला किती भाग लागतोय त्यावर येते. सपाट जबड्यात गोल नळी धरली की दोन बाजूला दोन बारीक रेषा एवढाच टेकू मिळतो, सगळा जोर त्या दोन रेषांवर, आणि नळी तिथंच चेपते. म्हणून गोल खाचेचे लाकडी ठोकळे करायचे. एकदा केले की वर्षानुवर्षं चालतात.

करायची पद्धत अशी. वखारीत सागवानाचे तुकडे पडलेले असतात, दोन सारखे ठोकळे घ्या, साधारण १०० मिलिमीटर लांब, ५० उंच, ४० जाड. वर्नियरनं (बारीक माप घ्यायच्या सरकत्या पट्टीनं) सिलेंडरचा बाहेरचा व्यास मोजा. समजा २८ मिलिमीटर आला आणि तुमच्याकडं चामडं २ मिलिमीटर जाडीचं आहे, तर दोन्ही बाजूचं मिळून ४, म्हणजे भोक ३२ मिलिमीटरचं. दोन्ही ठोकळ्यांच्या मध्ये २-३ मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा घालून ते एकत्र वाईसमध्ये आवळा आणि बरोबर सांध्यावर मध्य धरून वरनं खाली भोक पाडून घ्या, एवढं मोठं भोक सरळ पाडायला सुताराकडं किंवा ड्रिल मशीनवर नेलेलं बरं. मग पुठ्ठा काढून टाकायचा. पुठ्ठा काढल्यानं दोन ठोकळ्यांत फट राहते, म्हणून आवळल्यावर ठोकळे एकमेकाला न भिडता आतल्या नळीला धरतात. पुठ्ठा न घालता भोक पाडलं तर लाकडावर लाकूड बसतं आणि रायफल आत सैलच राहते.

चामडं आपल्याकडं शोधायला लागत नाही. अथणी, निपाणीकडं चपला करणाऱ्यांकडं कापून उरलेले तुकडे मिळतात, तेच घ्या, एकसारख्या जाडीचे बघून. खरखरीत बाजू रायफलीकडं आणि गुळगुळीत बाजू लाकडाला, चपलेच्या सोल्यूशननं चिकटवा आणि रात्रभर वाळू द्या. ठोकळ्यांना वरच्या बाजूला प्लायवूडची छोटी पट्टी कानासारखी मारा, ती जबड्यावर टेकते, म्हणजे वाईस उघडली की ठोकळे खाली पडत नाहीत आणि दोन हातांचं काम एका माणसाला जमतं.

भोक आडवं असलं पाहिजे, म्हणजे ठोकळे वाईसमध्ये बसवल्यावर सिलेंडर जबड्यांच्या लांबीच्या दिशेनं आडवं झोपलं पाहिजे. ड्रिलला सोपं म्हणून ठोकळा कसाही फिरवून भोक पाडलं तरी बसवताना हे आधी ठरवा आणि प्लायवूडच्या पट्ट्या त्याप्रमाणं मारा.

चौकोनी भागाला, म्हणजे बॅरलच्या मुळाशी जो भरीव ब्रीच ब्लॉक असतो त्याला, गोल खाच नको. तिथं जबड्यावर ॲल्युमिनियमच्या अँगलचे दोन तुकडे टोपीसारखे घाला आणि आत चामडं.

लक्षात ठेवा: पॅकिंग आणि रायफल दोन्ही कोरडी पाहिजेत. धरायच्या जागेचं तेल स्पिरिटच्या फडक्यानं पुसा. आणि काम अर्धं राहिलं म्हणून रायफल चामड्यात रात्रभर तशीच ठेवू नका, पावसाळी हवेत चामडं ओल धरतं आणि सकाळी लोखंडावर त्याच आकाराचा गंज दिसतो.

## ५. कुठं धरायचं, कुठं नाही

रायफल वरनं सगळी सारखीच लोखंडी दिसते, पण आतनं ती काही ठिकाणी भरीव आणि काही ठिकाणी पोकळ आहे. धरायचं ते भरीव जागीच.

धरायला चालणाऱ्या जागा दोन. एक, ब्रीच ब्लॉक, म्हणजे बॅरलचा मागचा जाड चौकोनी भाग. बॅरल आणि सिलेंडर वेगळे झाल्यावर बॅरलचं काही काम असेल तर इथंच धरा. दोन, सिलेंडरचं अगदी पुढचं टोक, जिथं आत भरीव बूच असतं आणि त्यातनं हवेचं बारीक भोक बॅरलकडं जातं. त्या बुचाची लांबी थोडीच असते, म्हणून तिथंही आवळायचं ते बेतानं.

आता न धरायच्या जागा. सिलेंडरचा मधला भाग, कधीच नाही. तिथं आत पिस्टन फिरतो, भिंत पातळ, आणि खालच्या बाजूला कॉकिंग लिव्हर सरकायला लांब खाच कापलेली असते. खाच असलेली नळी बंद नळीपेक्षा फार लवकर मिटते. दोन्ही बाजूनं आवळलं की खाचेच्या कडा जवळ येतात, आतला लिव्हर अडकायला लागतो, आणि लोक समजतात स्प्रिंग खराब झाली. पुढचे दोन कान, ज्यांच्यामध्ये बॅरल बोल्टवर फिरतं, तेही नाही. ते आवळले की बॅरल घट्ट होतं आणि काम झाल्यावर नेम बदललेला असतो. बॅरलचा मधला भाग किंवा तोंडाकडचा भाग तर नाहीच, लांब बॅरल बाजूच्या जोरानं वाकतं आणि हाताला कळत पण नाही.

स्प्रिंग काढायच्या कामाला रायफलीतली कुठलीच जागा वाईसमध्ये धरायची नाही. त्याचं सातव्या टप्प्यात सांगतो.

## ६. किती आवळायचं: वर्नियर लावून बघा

एका हातानं, मनगटाच्या जोरावर, दांडा मध्यावर धरून. दांड्याला पाईप घालायचा नाही, हातोडीनं ठोकायचं नाही, अंगाचं वजन टाकायचं नाही.

हे बोलायला सोपं आहे पण प्रत्येकाचं मनगट वेगळं, म्हणून मोजून बघायचा उपाय सांगतो. आवळायच्या आधी सिलेंडरखालच्या खाचेची रुंदी जबड्याच्या जवळ वर्नियरनं मोजा आणि कागदावर लिहा. थोडं आवळा, परत त्याच जागी मोजा. साध्या वर्नियरवर ०.०२ मिलिमीटरपर्यंत फरक दिसतो. आकडा जरा जरी कमी झाला तर नळी मिटायला लागलीय, लगेच सैल करा. सैल केल्यावर आकडा पहिल्यासारखा आला तर नुकसान नाही, नळी परत आपल्या जागी आली. आकडा परत आला नाही तर तिथं कायमचा चेप बसलाय.

मग तळहातानं रायफलीच्या टोकाला बाजूनं हलका धक्का द्या. हलली तर आणखी आवळू नका, सैल करा, पॅकिंग बघा: तेल आहे का, ठोकळ्याचं भोक मोठं झालंय का, दुसऱ्या टोकाचा टेकू सरकलाय का. या तिन्हीतलं एक असतंच.

## ७. स्प्रिंगसाठी चॅनलचा दाबक: वाईसमध्ये तो धरायचा, रायफल नव्हे

सगळ्यात जास्त इजा इथं होते, म्हणून नीट वाचा.

सुटलेल्या रायफलीत सुद्धा स्प्रिंग दाबलेलीच असते. मोकळी स्प्रिंग आत मावते त्यापेक्षा लांब असते, काही रायफलीत ३ सेंटीमीटर तर काहीत १० सेंटीमीटरपर्यंत. मागचा ब्लॉक किंवा पिन ही स्प्रिंग अडवून धरते. पिन निघाली की ती सगळी लांबी मागं येते, आणि एवढा जोर हातानं धरून राहणार नाही. रायफल वाईसमध्ये धरून दुसऱ्या हातानं ब्लॉक दाबायचा प्रयत्न करणारे लोक आहेत, तसं करू नका, कमी जोराच्या रायफलीवरसुद्धा नको.

स्प्रिंग दाबून धरायला आणि हळू सोडायला एक साधा दाबक करून घ्या. कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडं ७५ किंवा १०० मिलिमीटरच्या सी-चॅनलचा (सी आकाराच्या लोखंडी पन्हाळीचा) अडीच-तीन फुटी तुकडा मिळतो. एका टोकाला ८ ते १० मिलिमीटर जाडीची प्लेट उभी वेल्ड करायची, तिच्यात वरनं यू आकाराची खाच, त्या खाचेतनं बॅरल पुढं जाईल पण ब्रीच ब्लॉकचा खांदा प्लेटला अडेल. खांद्यात आणि प्लेटमध्ये चामडं किंवा लाकडाची चकती घाला. दुसऱ्या टोकाला तशीच प्लेट, तिला एम-१६ चा (१६ मिलिमीटर आट्यांचा) नट वेल्ड, आणि त्यातनं फूटभर लांबीचा एम-१६ आटे असलेला रॉड, मागं फिरवायला हँडल. रॉडचं टोक, सिलेंडरचा मध्य आणि पुढची खाच हे तिन्ही एका रेषेत आले पाहिजेत, रेषा चुकली तर ब्लॉक तिरका दाबला जातो आणि अडकतो. चॅनलच्या खाली एक जाड पट्टी वेल्ड करा.

ती पट्टी वाईसमध्ये घाला आणि काय आवळायचं ते आवळा. ते भरीव लोखंड आहे, त्याला दात लागले तरी काही बिघडत नाही. रायफल वर चॅनलमध्ये लाकडी ठोकळ्यांवर नुसती झोपते, तिला वाईसचा जोर लागतच नाही, स्प्रिंगचा सगळा जोर दोन प्लेटांच्या मध्ये राहतो.

रॉडच्या टोकाला पितळी किंवा नायलॉनची टोपी बसवा, तिचा व्यास सिलेंडरच्या आतल्या व्यासापेक्षा कमी हवा, कारण पिन मोकळी करायला ब्लॉक एक-दोन मिलिमीटर आत ढकलावा लागतो आणि मोठी टोपी सिलेंडरच्या कडेवरच अडते. टोपी आणि रॉडच्या मध्ये थोडं ग्रीस, म्हणजे रॉड फिरला तरी टोपी फिरत नाही.

आता एक गोष्ट जी बरेच जण विसरतात. रॉड आत लांब आलेला असताना रायफल बसवा. रॉड जेमतेम बाहेर असताना बसवली तर मागं फिरवता फिरवता रॉड संपतो आणि स्प्रिंग अजून अर्धी दाबलेलीच असते, मग ना पुढं ना मागं. हिशोब सोपा आहे: एम-१६ च्या साध्या आट्यांत एका फेऱ्याला २ मिलिमीटर. स्प्रिंग ८ सेंटीमीटर बाहेर येणार असेल तर ४० फेरे लागणार. आधी माहीत नसेल तर १२ सेंटीमीटर, म्हणजे ६० फेऱ्यांची जागा ठेवूनच सुरुवात करा.

तपासा: वाईसची पट्टी घट्ट. ब्रीच ब्लॉकचा खांदा प्लेटला टेकलेला. बॅरल बंद. टोपी ब्लॉकच्या मध्यावर. सिलेंडर चॅनलला दोन ठिकाणी चामडी पट्ट्यानं किंवा जाड दोरीनं बांधलेलं. रॉडच्या मागच्या रेषेत कोणी उभं नाही, पोरंबाळं खोलीच्या बाहेर.

रायफलीच्या तोंडावर, म्हणजे बॅरलच्या टोकावर प्लेट टेकवून दाबायची पद्धत काहीजण वापरतात. करू नका. बॅरलच्या तोंडाच्या कडेवर नेम ठरतो, तिथं बारीक चेप आला तरी छर्रा वाकडा जातो.

## ८. पिन काढणं आणि स्प्रिंग सोडणं

रॉड हळू फिरवा, टोपी ब्लॉकला टेकली की जोर लागायला लागेल. ब्लॉक किंचित आत सरकताना डोळ्याला दिसतो. आता पितळी पंचनं पिन ढकला. पिन जवळजवळ बोटानं निघाली पाहिजे. ठोकावं लागत असेल तर स्प्रिंगचा जोर अजून पिनवरच आहे किंवा तुम्ही जास्त दाबलंय आणि पिन दुसऱ्या बाजूनं अडकलीय, तेव्हा पाव फेरा पुढं-मागं करून बघा. जोरात ठोकून काढलेली पिन वाकते आणि भोक लांबट होतं.

काही रायफलीत दोन पिना असतात आणि आधी चापाचा सगळा संच निघतो, मग मागचा ब्लॉक. काहीत पिन नसते, ब्लॉक आट्यांवर बसवलेला असतो. आट्यांचा असेल तर रॉड ब्लॉकला टेकवून ठेवायचा, ब्लॉक फिरवत काढायचा आणि प्रत्येक फेऱ्याला रॉड तेवढाच मागं घ्यायचा. शेवटचे आटे सुटतात तेव्हा एकदम "खट" होतं, त्यावेळी रॉड टेकलेला असलाच पाहिजे.

पिन बाहेर आली की मागच्या बाजूवर जुनं घोंगडं गुंडाळा आणि रॉड उलटा फिरवायला लागा. फेरे मोजत जा, मोठ्यानं मोजा. ब्लॉक मागं येताना तुम्हाला रॉडवर जोर कमी होत चाललेला कळेल. मध्येच ब्लॉक थांबला आणि रॉड सैल झाला तर ब्लॉक आत अडकलाय आणि स्प्रिंग अजून भरलेलीच आहे, हात लावू नका, रॉड परत पुढं नेऊन टेकवा, बाजूनं लाकडी हातोडीचा हलका टोला द्या, ब्लॉक सुटून रॉडवर येईल.

रॉड बोटानं फिरायला लागला आणि ब्लॉक हातानं खडखड हलला की स्प्रिंग मोकळी झाली. त्याआधी पट्टे सोडायचे नाहीत. किती फेरे झाले ते लिहून ठेवा, जोडताना तेवढेच लागतील.

## ९. बॅरल, लिव्हर, पिस्टन

स्प्रिंग आणि तिच्यातला गाईड, म्हणजे तिला सरळ ठेवणारी आतली दांडी, बाहेर ओढून घ्या. आता रायफल दाबकातनं काढून परत लाकडी ठोकळ्यांत, सिलेंडरच्या पुढच्या टोकाला धरा, दुसरीकडं टेकू. पिव्होट बोल्ट, म्हणजे ज्यावर बॅरल फिरतं तो, सोडवा, त्याला बहुतेक वेळा अडकवायचा छोटा स्क्रू असतो तो आधी काढा, नाहीतर बोल्ट फिरत नाही आणि माणूस पान्यावर जोर लावत बसतो. बॅरल बाहेर येतं, दोन्ही बाजूचे पातळ वॉशर खाली पडतात, ते शोधून ठेवा, त्यांच्यामुळंच बॅरल डावी-उजवीकडं हलत नाही. कॉकिंग लिव्हर खाचेच्या रुंद जागेतनं निघतो, मग पिस्टन मागनं बाहेर.

पिस्टन बाहेर आल्यावर बोटाला जुनं फडकं गुंडाळून खाचेच्या आतल्या कडा तपासा. धारदार कडा असतील तर नवीन सील बसवतानाच कापलं जातं. बारीक पॉलिश पेपरनं कडा मारा आणि धूळ पुसून काढा.

## एअरसॉफ्टची रायफल असेल तर

क्रम तोच, तपशील वेगळा. आधी मॅगझिन काढा, मग सुरक्षित दिशेला एक-दोनदा चाप ओढून आतला उरलेला बीबी बाहेर काढा, मग बॅटरी सोडवा. बॅटरी आधी सोडवली तर चेंबरमधला बीबी आणि गिअरबॉक्समधली अर्धी ओढलेली स्प्रिंग दोन्ही तसंच राहतात. बॉडी प्लॅस्टिकची किंवा पातळ ओतीव धातूची असते, तिला बाहेरनं कधीच आवळू नका. मॅगझिन जिथं बसतं त्या पोकळीत तंतोतंत बसणारा लाकडी ठोकळा करा, तो आत घालून खालचा भाग वाईसमध्ये धरा, म्हणजे जबडा लाकडाला लागतो आणि रायफल वर नुसती बसून राहते. गिअरबॉक्स उघडताना स्प्रिंग गाईड स्क्रू ड्रायव्हरनं मागनं धरून ठेवा आणि वरचं झाकण हळू उचला, तिथंही स्प्रिंग उडते आणि बारीक तुकडे खोलीभर जातात.

## १०. परत जोडताना

सगळं उलट्या क्रमानं, पण काही गोष्टी वेगळ्या सांगायला लागतात. स्प्रिंगला आणि गाईडला मोलिब्डेनमवालं ग्रीस बारीक थरात, पिस्टनच्या पुढं काही नाही. सील चामड्याचं असेल तर त्याला एअरगनचं तेल एक-दोन थेंब मुरवा, सिंथेटिक असेल तर सिलिकॉनचा नुसता हात. नारळाचं तेल, गाडीचं इंजिन ऑइल, गंज सोडवायचा स्प्रे, यातलं काही सिलेंडरमध्ये नको.

स्प्रिंग बदलणार असाल तर कंपनीची त्याच मापाची घ्या. जास्त जोराची टाकू नका, रायफल तुटते ते वेगळंच, आणि २०१६ च्या शस्त्र नियमांत एअर रायफलला परवान्यातनं जी सूट आहे ती ४.५ मिलिमीटर बोअर (बॅरलचा आतला व्यास) आणि बॅरलच्या तोंडाशी २० जूल ऊर्जा या मर्यादेतली आहे.

दाबकात स्प्रिंग दाबताना मघाशी लिहून ठेवलेले फेरे मोजा. तेवढे फेरे होऊनही पिनचं भोक जुळत नसेल तर जोर लावून पुढं जाऊ नका, ब्लॉक थोडा फिरलेला असतो, रॉड पूर्ण मागं घेऊन तो सरळ करा. पिन पूर्ण आरपार बसलीय आणि दोन्ही बाजूनं सारखी दिसतीय हे बघितल्याशिवाय रॉड सैल करायचा नाही, आणि सैल करतानाही पहिले दोन-तीन फेरे थांबून थांबून.

स्टॉक बसवून झाल्यावर बॅरल घट्ट धरून एकदा कॉक करा, वाळूच्या पोत्यात छर्रा घालून बार काढा. पहिल्या थोड्या बारांना हलका धूर येईल, तो ग्रीसचा. धूर येतच राहिला किंवा आवाज फटाक्यासारखा कडक येत असेल तर पिस्टनच्या पुढं तेल गेलंय, रायफल परत खोलून सिलेंडर पुसायला लागणार. दहा-बारा बार झाले की स्टॉकचे स्क्रू परत एकदा बघा, ते हमखास अर्धा फेरा सैल झालेले असतात.